तोटी नंतर आली: १७५९ च्या एका चांदीच्या जगचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावशीचं आहे. नावं-गावं मुद्दाम काढलीत, ऑक्शन हाऊसचं नावही कुठे येणार नाही, पण आकडे खरे ठेवलेत कारण मावशीनेच बजावलं, "किती पैसे गेले ते लिही, नाहीतर वाचणाऱ्याला काय कळणार." जुनी ब्रिटिश चांदी जमवणारे आपल्यातले बरेच लोक आता तिकडे इंग्लंडमध्ये आहेत, इथे पुण्या-मुंबईतही आहेत, आणि सगळे चांदीवरचे हॉलमार्कचे ठसे वाचायला शिकतात. ठसे वाचता येऊनसुद्धा माणूस कसा चुकतो ते यात आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

मावशी पस्तीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे, वेस्ट मिडलँड्स भागात, नर्स म्हणून रिटायर झाली. जमवण्याचा नाद लागला तो एका मेडलमुळे. आमचे पणजोबा रेल्वेत होते, त्यांना १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या सिल्व्हर ज्युबिलीचं मेडल मिळालं होतं, ते आजीने मावशी परदेशी निघाली तेव्हा तिच्या पर्समध्ये टाकलं. मेडलवर राजा आणि राणी मेरी, दोघांचे चेहरे एकामागे एक. तिकडे गेल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, तिला चांदीचा चमचा दिसला, त्यावर नेहमीच्या ठशांच्या शेजारी एक जादा ठसा होता आणि त्यात तेच दोन चेहरे, मुगाच्या दाण्याएवढे. ज्युबिलीनिमित्त ॲसे ऑफिसं, म्हणजे चांदीचा कस तपासून ठसे मारणारी कार्यालयं, हा जादा ठसा मारून देत होती. मावशी सांगते की तिथेच उभ्या उभ्या तिला आईची आठवण येऊन रडू आलं, आणि तो चमचा घेऊन ती घरी आली ती जमवणारी होऊनच.

त्यानंतर छोट्या छोट्या वस्तू. चहाच्या डब्यातले चमचे, बर्मिंगहॅमच्या व्हिनेग्रेट म्हणजे अत्तराचा स्पंज ठेवायच्या इवल्या डब्या, व्हिक्टोरियाच्या १८८७ आणि १८९७ च्या ज्युबिलीचे ब्रोच, शोकाचे काळे दागिने, थोडे कोरोनेशन म्हणजे राज्याभिषेकाचे मग. १९३७ चा आठव्या एडवर्डचा मग पण आहे, जो राजा राज्याभिषेकाआधीच, डिसेंबर १९३६ मध्ये, गादी सोडून गेला. लोकांना वाटतं अभिषेकच झाला नाही म्हणजे तो मग दुर्मिळ असणार, पण ते मग आधीच ढिगाने बनवून झाले होते, त्यामुळे आजही स्वस्तात मिळतात. मावशीला हे सगळं माहीत होतं. ती नवखी नव्हती, हे मुद्दाम सांगतोय.

ठशांचं ज्ञान तर तिचं पाठ. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी, हा सिंह १५४४ पासून. बिबट्याचं डोकं लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि मुकुट शेफील्डचा (१९७५ पासून तिथे गुलाब आला). ही दोन्ही ऑफिसं १७७३ ची. एक अक्षर वर्षाचं, लंडनला वीस अक्षरांचं चक्र आणि प्रत्येक चक्राला अक्षराचं वळण वेगळं. १७८४ ते १८९० मध्ये कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं. १६९७ ते १७२० मध्ये चांदीचा कस सक्तीने वाढवून ९५८ केला होता तेव्हा सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया. आणि शेवटी कारागिराचा ठसा. शनिवारी मी तिच्याकडे गेलो (मी तेव्हा कामासाठी कॉव्हेंट्रीत होतो) की ती मला भिंग देऊन एकेक चमचा वाचायला लावायची, चुकलो तर परत.

जग कसा घेतला

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी जवळच्या गावात ऑक्शन होतं. कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं, दुसऱ्या जॉर्जच्या काळातला झाकणाचा चांदीचा बिअर जग, लंडन १७५९, अंगावर नंतरचं नक्षीकाम, समोर लेख. फोटो छान होता. पोट फुगीर, कान सुंदर वळलेला, झाकण घुमटासारखं, वर अंगठ्याने दाबायची खिटी, आणि अंगभर उठावाची फुलं-पानं. पोटावर मोकळ्या चौकटीत कोरलेलं होतं की एका गावच्या पाद्रीबाबांना पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल गावकऱ्यांनी १८६९ मध्ये ही भेट दिली. मावशी त्या लेखावर भाळली. जमवणाऱ्यांत दोन जाती असतात, एक धातूवर आणि कारागिराच्या नावावर प्रेम करणारे आणि दुसरे वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली त्यावर, मावशी पक्की दुसऱ्या जातीतली.

प्रीव्ह्यूला, म्हणजे लिलावाआधी वस्तू बघायला देतात तेव्हा, तिने जग उलटा केला, तळावरचे चार ठसे वाचले. मुकुटवाला बिबट्या, सिंह, काळ्या जाड वळणाचं डी, आणि कारागिराचा ठसा अर्धा झिजलेला. १७५६ ला ए, म्हणून डी म्हणजे १७५९, बरोबर. कराचं डोकं नाही, तेही बरोबरच कारण तो कर-ठसा १७८४ चा, उलट असता तर संशय घ्यायला हवा होता. झाकण उघडलं तर आतही ठसे होते. सगळं जुळलं. तिने जग ठेवला, नोंदणी केली आणि चहा प्यायला गेली.

बोली नऊशे पौंडाला तुटली. त्यावर ऑक्शन हाऊसचा २५ टक्के प्रीमियम म्हणजे २२५, आणि प्रीमियमवर व्हॅट ४५, एकूण ११७० पौंड. तिची आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. मी तेव्हा शेजारीच बसलो होतो आणि मला आजही आठवतं की पुढच्या रांगेतले तीन-चार डीलर, जे त्याआधी साध्या चमच्यांवर सुद्धा एकमेकांना भिडत होते, या लॉटला हात मांडीवर ठेवून बसले होते. आम्हाला वाटलं नशीब चांगलं.

अडचण कुठे आली

घरी आणल्यावर मावशीने तो स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला, नुसतं कौतुक म्हणून. ७७० ग्रॅम. मग तळावर ठशांच्या बाजूला बारीक ओरखड्यांसारखे आकडे होते ते वाचले, २३ आणि ४. हे जुनं वजन असतं. घडवताना किंवा मालकाच्या घरी यादी करताना वस्तूचं वजन सुईसारख्या टोकाने तळाला कोरून ठेवायचे, ट्रॉय औंस आणि पेनीवेटमध्ये, वीस पेनीवेटचा एक औंस. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. तेव्हा २३ औंस ४ पेनीवेट म्हणजे जवळजवळ ७२२ ग्रॅम.

इथे मावशी थांबली. अडीचशे वर्षं घासून पुसून चांदी झिजते, वजन थोडं कमी भरलं तर ते सगळ्यांत नैसर्गिक, पण हा जग ४८ ग्रॅमने जड भरत होता. चांदी वाढत नसते. कोणीतरी घातली होती.

तिने मला फोन केला, "अरे, तोटी बघितलीस का रे तू नीट?" मी म्हटलं तोटीला काय झालं. म्हणाली, "झाकण पूर्ण गोल आहे बघ, तोटी झाकणाच्या बाहेर उघडीच राहते, असा जग कोण करेल?" आणि खरंच, मुळात जग म्हणून घडवलेल्या झाकणाच्या भांड्याला झाकणाचा एक ओठ तोटीवरही येतो. हे झाकण कुठल्याही गोल भांड्याचं होतं. मग तिने टॉर्च घेऊन आत बघितलं, तोटीच्या मागे पोटाची भिंत जशीच्या तशी, फक्त तिला चाळणीसारखी भोकं पाडलेली. तोटी बाहेरून चिकटवलेली. शेवटी तिने तोटीच्या बुडाशी तोंडाने वाफ सोडली. थंड चांदीवर वाफ बसते तेव्हा सोल्डरचा जोड क्षणभर वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि तशी एक रेघ तोटीच्या भोवती गोल फिरलेली दिसली. तोटीवर एकही ठसा नव्हता.

म्हणजे हा जग नव्हताच, हा टँकर्ड होता, बिअर प्यायचा झाकणवाला मोठा मग. एकोणिसाव्या शतकात अशा साध्या जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या, टँकर्डना तोट्या लावून, अंगभर फुलं ठोकून त्यांचे जग करायची फार मोठी लाट होती. रोज टँकर्डमधून पिणारे लोक उरले नव्हते, घरातली साधी जुनी चांदी जुनाट वाटायची, आणि टेबलावर ठेवायला जग हवा होता. आज त्यांना कन्व्हर्टेड टँकर्ड म्हणतात आणि अस्सल बिअर जगच्या मानाने त्यांची किंमत फारच कमी असते. ते डीलर का गप्प बसले ते आम्हाला आत्ता कळलं.

आणि प्रश्न फक्त किंमतीचा नव्हता. ब्रिटनमध्ये हॉलमार्क असलेल्या वस्तूला नंतर चांदीचा भाग जोडला आणि तो ॲसे ऑफिसकडून तपासून घेतला नाही, तर ती वस्तू व्यापारात चांदी म्हणून विकता येत नाही, १९७३ च्या हॉलमार्किंग ॲक्टमध्ये अशा जोडण्या-बदलांसाठी वेगळं कलमच आहे. घरी ठेवणं गुन्हा नाही. पण मावशीला तो कधी ऑक्शनला द्यायचा झाला तर जसा आहे तसा देता येणार नव्हता. मुळात तो त्या शनिवारीही तसा विकायला नको होता.

पर्याय

पुढचे दहा दिवस आम्ही यावर जेवढे बोललो तेवढे एखाद्या लग्नावर सुद्धा बोललो नसू. चार वाटा होत्या.

पहिली, गप्प बसायचं. जग कपाटात ठेवायचा, कोणाला सांगायचं नाही. मावशीने ही एका मिनिटात नाकारली, "मी गेल्यावर तू विकशील, मग तुझ्या गळ्यात येईल."

दुसरी, परत करून सगळे पैसे मागायचे. मी या बाजूचा होतो आणि आजही आहे. ऑक्शनच्या नियमांत होतं की वस्तू बनावट निघाल्यास २१ दिवसांत लेखी कळवायचं. अडचण अशी की हा बनावट म्हणायचा का? ठसे खरे, धातू खरा, १७५९ ही खरं. खोटं होतं ते एवढंच की त्याला १७५९ चा जग म्हटलं होतं, आणि तोटी नंतरची आहे हे लिहिलं नव्हतं. 'नंतरचं नक्षीकाम' लिहिलं होतं, तोटीचं नाही. माझ्या मते इथेच त्यांची बाजू पडत होती, कारण नक्षीकाम नंतरचं आहे हे ज्याला कळलं त्याला तोटी दिसलीच असणार.

तिसरी वाट, तोटी काढून टाकायची. चांगला सिल्व्हरस्मिथ तोटी काढतो, भोकं बुजवतो, टँकर्ड परत टँकर्ड होतो. तोटीची अडचण सुटते. पण बुजवलेल्या जागी नवीन चांदी येणार, वाफ सोडली की तिथे ठिगळ दिसणार, अंगावरची फुलं तर राहणारच, म्हणजे १७५९ चं रूप काही परत येत नाही. आणि १८६९ चा लेख ज्या जगवर कोरला तो जगही राहणार नाही. दोन्हीकडून जाणार.

चौथी, लंडनच्या ॲसे ऑफिसकडे पाठवायचं. तिथे गोल्डस्मिथ्स कंपनी या सोनारांच्या जुन्या संस्थेची अँटिक प्लेट कमिटी असते, जुन्या चांदीतले बनावट आणि बदललेले नग तपासणं हेच तिचं काम. ते वस्तू बघतात, धातू तपासतात, आणि नंतरचा भाग कसाला उतरला तर त्या भागावर आजच्या तारखेचा नवा हॉलमार्क मारून देतात. मग वस्तू कायदेशीर होते, आणि तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं की पोट १७५९ चं आणि तोटीची नोंद आत्ताची. धोका हा की तपासात आणखी काही निघालं, म्हणजे समजा तळाचा ठसाच दुसऱ्या छोट्या वस्तूतून कापून बसवलेला निघाला, तर जुने ठसे खोडले जाऊ शकतात. ही भीती उगाच नाही. १७२० ला चांदीवर औंसामागे सहा पेन्सचा कर बसला, तेव्हा कर चुकवायला काही कारागीर हलका नग तपासून घ्यायचे आणि त्याचा ठसा कापून मोठ्या भांड्याच्या तळाला बसवायचे. तो कर १७५८ ला उठला, म्हणून १७५९ च्या नगात ही शक्यता कमी, पण मावशीला झोप येईना.

तिसऱ्या वाटेवर आमचं खरं भांडण झालं. मी म्हटलं काढून टाक ती तोटी, निदान एक तरी गोष्ट अस्सल राहील. मावशी शांतपणे म्हणाली, "तुझ्या आजीने तिच्या आजीच्या पाटल्या मोडून मला बिलवर केले. ते खोटे का रे?" मी म्हटलं, ते वेगळं, ते कोणी तुला शंभर वर्षांपूर्वीचे बिलवर म्हणून विकले नाहीत. "हं, मग चूक विकण्याची आहे, तोटीची नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे तर जुनी चांदी मोडीतच जाते, सोनार मोडीचा भाव देतो, घट धरतो आणि नव्याची घडणावळ लावतो, कोणाचं ताट कोणाच्या निरांजनात गेलं याची नोंदही राहत नाही. त्या इंग्लिश गावाने निदान जुना टँकर्ड वितळवला नाही, त्याला तोटी लावून आपल्या पाद्रीबाबांना दिला.

काय केलं

सोळाव्या दिवशी मावशीने ऑक्शन हाऊसला लेखी कळवलं. मेल मी लिहून दिला पण मुद्दे तिचे. रागाचा एकही शब्द नाही. तळाचं कोरलेलं वजन, आजचं वजन, फरक ४८ ग्रॅम, झाकणाचा आणि आतल्या भिंतीचा फोटो, तोटीवर ठसा नाही याचा फोटो, आणि शेवटी एकच प्रश्न, ही तोटी ॲसे ऑफिसने तपासल्याची काही नोंद तुमच्याकडे आहे का. हा प्रश्न फार कामाचा ठरला. कारण आधी फोनवर त्यांनी 'जसं आहे तसं विकलं, वर्णन हे आमचं मत असतं' असं सांगितलं होतं, पण नोंदीच्या प्रश्नाला मत हे उत्तर होऊ शकत नाही.

दोन दिवसांत सूर बदलला. त्यांनी पूर्ण परताव्याची तयारी दाखवली, जग परत करा म्हणाले. माझ्या दृष्टीने प्रकरण इथे संपलं होतं. मावशीने मात्र विचारलं की मी ठेवला तर किती कमी कराल. घासाघीस झाली आणि त्यांनी ४०० पौंड परत दिले, म्हणजे जग ७७० ला पडला. इथे मी हे नोंदवून ठेवतो की मला हा निर्णय पटला नाही. पूर्ण पैसे समोर ठेवलेले असताना आपण कायद्याने न विकता येणारी वस्तू, पुढच्या तपासणीच्या खर्चासह, स्वतःकडे ठेवून घेत होतो. परत दिला असता तर तपासणीची जबाबदारी त्यांची झाली असती.

मग ओळखीतल्या एका सिल्व्हरस्मिथमार्फत जग लंडनला गेला. त्याने पाठवण्याआधी एक चांगलं काम केलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणि वजन लिहून मावशीची सही घेतली. आणि तिला सांगितलं की पॉलिश अजिबात करू नका, तपासणाऱ्याला जुनी मळी आणि जुने जोड दिसले पाहिजेत. मावशीने लेखातल्या अक्षरांतली काळी मळी टूथब्रशने काढायचं ठरवलं होतं, नशीब थांबली.

निकाल

साधारण अडीच महिने गेले. निकाल असा आला की पोट, कान, झाकण सगळं एकाच भांड्याचं आणि तळाचे ठसे जागेवरचे, कापून बसवलेले नाहीत. तोटी नंतरची, चांदी कसाला ९२५ ला उतरली. तोटीच्या बुडाशी नवे ठसे मारून जग परत आला. नवा सिंह इतका स्वच्छ आणि टोकदार दिसतो की तळाचा म्हातारा सिंह त्याच्याजवळ ओळखू येत नाही. मावशीला पहिल्या दिवशी ते नवे ठसे बघून वाईट वाटलं, जखमेचे टाके दिसावेत तसं. आता सवय झाली.

पैशांचा हिशोब सरळ सांगायचा तर फायदा झाला नाही. एका व्हॅल्युअरने नंतर जग बघून कन्व्हर्टेड टँकर्ड म्हणून जी किंमत सांगितली ती चांदीच्या मोडीपेक्षा बरी पण ७७० अधिक तपासणीचा खर्च यापेक्षा कमी होती. उठावाची फुलं कायद्याच्या आड येत नाहीत, त्यात चांदी जोडलेली नसते, पण साध्या अंगाचा टँकर्ड शोधणाऱ्याला ती नकोच असतात.

मात्र या प्रकरणाने तिचा सगळा संग्रह एकदा उलटासुलटा झाला. जानेवारीच्या दोन रविवारी आम्ही टेबलावर जुनी चादर घालून एकेक नग नव्याने तपासला. चार मोठे चमचे, ज्यांच्या वाटीत फळांचं उठावकाम आणि सोन्याचा मुलामा आहे आणि जे ती जॉर्जियन म्हणून मिरवायची, ते खरंच जॉर्जियन साधे चमचे निघाले पण फळं व्हिक्टोरियन काळात ठोकलेली, ही पण तशीच लाट होती. साखरेच्या एका चिमट्यावरचे चार सुबक ठसे चांदीचे नव्हतेच, ईपीएनएस म्हणजे निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा, १८४० नंतर ही पद्धत आली आणि कारखानदार मुद्दाम हॉलमार्कसारखी दिसणारी चौकट मारायचे. एका व्हिनेग्रेटची आतली जाळी बदललेली. शोकाच्या ब्रोचमधले दोन व्हिटबीच्या जेट नावाच्या काळ्या दगडासारख्या पदार्थाचे, हाताला उबदार आणि हलके, तिसरा थंड आणि जड म्हणजे काळी काच. यातलं काहीच तिने फेकलं नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधली, त्यावर काय आहे आणि काय नाही ते मराठीत लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग चूक प्रीव्ह्यूला झाली, आणि ती अज्ञानाची नव्हती. मावशीला ठसे येत होते म्हणून तिने ठसेच वाचले, ठसे खरे निघाले आणि मन निश्चिंत झालं. ठसा जिथे मारलाय तिथल्या धातूबद्दल आणि त्या वर्षाबद्दल बोलतो. भांड्याला नंतर काय काय चिकटलं हे त्याला माहीत नसतं. आता ती क्रम उलटा करते. आधी भांडं लांबून बघायचं, हा आकार या कामाला त्या काळात असा असेल का, झाकण तोंडाला पुरतं का, कान आणि तोटी एकाच हाताची वाटतात का. मग सुटे आणि जोडलेले भाग, प्रत्येकावर ठसा आहे का. मग वजन. ठसे सगळ्यात शेवटी.

वजनकाटा बरोबर न्यायला हवा होता, किंवा नुसतं विचारायला हवं होतं, कॅटलॉगवाले वजन देतात. कोरलेलं वजन तळावर समोर होतं, पाच मिनिटांचा गुणाकार होता, ११७० पौंडांच्या आधी.

लेखी कंडिशन रिपोर्ट मागितला नाही. 'कंडिशन कशी आहे' असा मोघम प्रश्न विचारला तर 'वयाच्या मानाने चांगली' असं मोघम उत्तर येतं. प्रश्न असा हवा की यात नंतर जोडलेला कुठला भाग आहे का आणि असल्यास त्यावर ठसा आहे का. याचं हो किंवा नाही असं लेखी उत्तर हातात असतं तर पुढची सगळी बोलणी दोन दिवसांत मिटली असती.

डीलरांचे खाली असलेले हात आम्ही पाहिले होते. अस्सल दुसऱ्या जॉर्जच्या काळातला बिअर जग नऊशेला कोणी सोडत नाही, हे मावशीला शांत डोक्याने विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं. त्या क्षणी तिच्यासमोर १८६९ चा लेख होता.

वेळेच्या बाबतीत मात्र तिने अचूक केलं. सोळाव्या दिवशी कळवलं, एकवीसची मुदत होती. मी पुण्यातल्या एका जाणकाराला फोटो दाखवून मग लिहू असं म्हणत होतो, तसं केलं असतं तर मुदत गेली असती.

एक गोष्ट आम्ही अर्धवट सोडली. मावशीला हा जग शेवटी मला द्यायचा आहे, आणि मी आता परत पुण्यात आहे. पण १९७२ च्या आपल्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. म्हणजे एकदा तो इथे आला की बहुतेक इथलाच झाला, पुढे तिच्या नातीला, जी तिकडे जन्मली आणि जिला या जगमधून दूध ओतायला फार आवडतं, तिला तो परत देता येईल का याचं खात्रीचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. म्हणून सध्या तो मावशीच्या खिडकीत आहे. त्याच्या चिठ्ठीवर तिने तीन ओळी लिहिल्यात: टँकर्ड, लंडन, १७५९. तोटी आणि फुलं, १८६९ च्या आधी किंवा त्याच सुमारास. तोटीवरचे ठसे, माझ्या वेळचे.